नाल उतरवल्यावर

मराठ्यांच्या लष्करी हिशेबांत ‘नालबंदी’ हा शब्द वारंवार भेटतो. मोहिमेपूर्वी शिलेदाराला मिळणारी आगाऊ रक्कम ती. शब्द नालाचा, पण खर्च घोड्याच्या आणि स्वाराच्या सगळ्या तयारीचा. या शब्दाचा माग काढताना मला उलटाच प्रश्न पडला: चाकरी संपलेल्या घोड्याचे नाल उतरवायचे, तर पुढे काय?

वाट दाखवली ती खिळ्यांचा नाल ठाऊकच नसलेल्या माणसाने. इ.स.पू. चौथ्या शतकातला ग्रीक सेनानी झेनोफन अश्वविद्येवरच्या आपल्या ग्रंथात सांगतो, की तबेल्याबाहेर अर्ध्या किलोच्या आसपासचे वाटोळे गोटे चार-पाच गाड्या भरून पसरावेत आणि खरारा तिथेच करावा. माश्या हाकलताना घोडा पाय आपटतो, तेवढ्यानेही खूर घट्ट होतो. ओल्या, गुळगुळीत जमिनीवर मात्र चांगला खूरही बिघडतो. उत्तम खूर जमिनीवर झांजेसारखा वाजतो, अशी त्याची परीक्षा. ‘रानातल्या घोड्याला कुठे नाल असतो?’ असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. बिननालाचा खूर ही झेनोफनच्या लेखी मशागतीची गोष्ट होती.

लंडनचा पशुवैद्य ब्रेसी क्लार्क याने १८०९ मध्ये जिवंत घोड्याच्या खुरावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच घोडीच्या खुराचे साचे त्याने वर्षावर्षाने घेतले होते. नाल ठोकल्यापासून खूर आक्रसत गेलेला त्यांत दिसतो. भार पडला की टाच किंचित फाकते, खिळ्यांनी ती जखडते, हे त्याचे म्हणणे. तरीही शहरातल्या दगडी रस्त्यांसाठी त्याने नाल टाकून दिला नाही, बिजागरीचा नाल करून पाहिला. मला हा व्यवहारीपणा आवडतो.

खूर वरून खाली वाढतो, महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर. खिळ्यांची भोके काही महिन्यांत खाली सरकून छाटली जातात. पुढची भिंत संपूर्ण नवी यायला मात्र जवळजवळ वर्ष लागते. तोवर घोडा जुन्याच खुरावर उभा असतो. तळवा पातळ, कडा ठिसूळ. म्हणून आधी मऊ कुरण, मग घट्ट माती, खडी सर्वांत शेवटी; लंगडला तर एक पायरी मागे. खडकाळ वाटेसाठी पायात चढवायचे बूट मिळतात. खुराचा जुना आजार असलेल्या काही घोड्यांना नालाविना चालवतच नाही, त्यांच्यावर हट्ट करू नये.

आणि नालबंदाची रजा होत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी त्याला कानस घेऊन यावेच लागते. घोडा कमवत नाही, त्याचा खर्च चालूच राहतो.