पलिता आणि मोहोळ

वर्धा जिल्ह्यातील जुन्या कवेलूच्या घरांत, जेथे मातीच्या जाड भिंती, सागवानी म्याली आणि वळचणीखालचा अर्धवट अंधार यांचा संयोग झालेला असे, तेथे माणसांच्या बरोबरीने दंश करणाऱ्या माश्यांचेही पिढ्यान् पिढ्यांचे वास्तव्य असे. सपरीच्या आढ्याला करड्या कागदाचे उलटे छत्र टांगून राहणारी गांधीलमाशी, कोनाड्यात किंवा दाराच्या चौकटीमागे ओल्या मातीचे घर लिंपणारी कुंभारीण, आणि सांदवाडीपलीकडच्या वडा-पिंपळावर दरवर्षी त्याच फांदीला येऊन लोंबणारे आग्या मोहोळ, अशा या तीन शेजारणी. तिघींशी वागण्याच्या आपल्या पूर्वजांच्या रीती मात्र परस्परांहून अगदी भिन्न होत्या, आणि या रीतींचा इतिहास कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसला तरी तो या जिल्ह्याच्या थोर विचारपरंपरेशी निकट जोडलेला आहे.

कुंभारणीला अभय होते. तिने घरात मातीचे घर केले म्हणजे लवकरच घरात पाळणा हलणार, असे वडीलधाऱ्या बायका मानीत, आणि तेवढ्यासाठी दिवाळीच्या सारवणातही तो मातीचा गोळा बाजूला ठेवून भिंत सारवली जाई. या अभयामागे केवळ लोकसमजूत नव्हती. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधमाशी आहे, तिचा मध हरण करणारा मधुहा आहे, सर्प आहे आणि सर्वांच्या शेवटी ही कुंभारीणही आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या टीकेमुळे हे सारे गुरू मराठी घराघरांत पोचले, आणि याच स्कंधातील निवडक श्लोकांचे सार पुढे विनोबांनी सिद्ध केले, ज्यांचा आश्रम धाम नदीच्या काठी पवनारला उभा आहे. भिंतीतील घरात कोंडलेली अळी कुंभारणीच्या अखंड ध्यानाने स्वतः कुंभारीण होते, असा तो दृष्टांत. प्रत्यक्षात कुंभारीण दंशाने अळीला बधिर करून आपल्या अंड्याशेजारी ठेवते आणि अंड्यातून निघालेले पिलू त्या अन्नावर वाढून बाहेर पडते. दृष्टांत शास्त्राच्या कसोटीस उतरत नसला तरी, एका क्षुद्र कीटकाला गुरुपद देऊन त्याचे घर शेकडो वर्षे राखण्याचे काम त्याने केले, हे त्याचे मोल मी कमी मानीत नाही.

गांधीलमाशीला असा कोणताही पुराणाधार लाभला नाही. मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे ती माणसाच्या कातडीत अडकते आणि दंशासरशी त्या माशीचा प्राण जातो. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्यामुळे ती वारंवार डंख मारू शकते, आणि पोळ्याला धक्का लागल्यास सगळ्या मिळून चालून येतात. अंगणात खेळणाऱ्या मुलाचा डोळा सुजून बंद झाला की चुना किंवा कांद्याचा रस लावण्यात येई आणि त्याच संध्याकाळी घरातील कर्ता पुरुष बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळून, त्या घासलेटात भिजवून, आढ्याखाली टेंभा धरी. दिवस मावळल्यावर माश्या पोळ्यावर एकत्र जमतात आणि अंधारात त्यांना उडता येत नाही, हे ज्ञान अचूक होते. परंतु ज्या आढ्याखाली पऱ्हाटीच्या काड्या, कडबा आणि कधी कधी विक्रीस थांबलेला कापूस रचलेला असे, त्याच आढ्याखाली उन्हाळ्यात उघडी ज्वाळा नेण्यात केवढे साहस होते, याचा विचार दंशाच्या संतापात क्वचितच होई. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आणि गॅमेक्सिन यांची पांढरी भुकटी आली, १९५३ पासून हिवतापनियंत्रणाच्या मोहिमेत गावोगाव घरांच्या भिंतींवर फवारे उडू लागले, आणि टेंभ्याची जागा हळूहळू विषाने घेतली. साधन बदलले, वृत्ती तीच राहिली.

आग्या मोहोळाची कथा मात्र व्यवसायाची आहे, म्हणून ती विस्ताराने सांगितली पाहिजे. आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू या तहसिलींच्या डोंगराळ, सागवानी पट्ट्यात गोंड, कोलाम आदी समाजांतील माणसे पूर्वापार मध काढीत. मालगुजारीच्या अमदानीत रानावर मालगुजाराची सत्ता चाले, आणि सरकारी जंगलात १९२७ च्या वन अधिनियमाने मध व मेण यांची गणना वनोपजांत करून ठेवल्यामुळे उंच सावरीवर जीव धोक्यात घालून चढणाऱ्या माणसाच्या हाती त्याच्या साहसाच्या मानाने फारच थोडे येई. त्याची रीत अशी: अंधाऱ्या रात्री ओल्या-सुक्या पाल्याचा पलिता पेटवून दोराने वर चढायचे, धुराने माश्या बिथरल्या की पलिता फांदीवर आपटायचा, खाली झरणाऱ्या ठिणग्यांच्या मागे माश्यांचे लोटच्या लोट जात आणि जळून किंवा पंख करपून जमिनीवर पडत. मग अंडी-अळ्यांसह सगळे मोहोळ कापून हातांनी पिळले जाई. साठ-सत्तर हजार माश्यांची एक वसाहत तासाभरात नामशेष होई आणि पदरात पडे तो राख व अळ्यांचा रस मिसळलेला, लवकर आंबणारा मध. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सूक्ष्मपणे वर्णन करणाऱ्या देशात मध काढण्याची क्रिया इतकी अविचारी राहावी, ही विसंगती मला नेहमी बोचत आली आहे.

या विसंगतीवर पहिला आघात वर्ध्यातच झाला. १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, जमनालाल बजाज यांनी आपली बाग व वास्तू त्यासाठी दिली, आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी नाव पावलेल्या त्या जागेत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्या जोडीने मधमाशीपालनही हाती घेण्यात आले. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये सुटी चौकट असलेली पेटी शोधली होती. पोळे न मोडता मध फिरवून काढण्याचे यंत्र १८६५ मध्ये युरोपात निघाले होते. सातेरी जातीच्या आपल्या माशीला साजेशी लहान पेटी दक्षिणेत न्यूटन नावाच्या पाद्र्याने तयार केली होती. ग्रामोद्योग संघाने या साधनांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले, कारण ज्या मधासाठी माशीचा जीव घ्यावा लागत नाही तोच मध अहिंसेचे व्रत घेतलेल्या माणसाने खावा, हा विचार तेथे होता; प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नव्हता. कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात तर मधमाशीचेच उदाहरण पुढे ठेवले आहे: ती फुलापासून घेते, पण घेता घेता फुलाचे फलन करून देते, आणि जे मिळवते ते आपल्या साऱ्या वसाहतीसाठी. वाघ हा त्याच विवेचनात परोपजीवी अर्थव्यवहाराचा नमुना ठरतो. सेवाग्रामच्या आश्रमात साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि त्याला दूर नेऊन सोडण्याचा पिंजरा आजही पाहावयास मिळतो. विषारी प्राण्याशी कसे वागावे याचा तो मूर्तिमंत पाठच आहे.

तथापि सातेरी पेटीत राहते, आग्या राहत नाही. रानातला मध बहुतांशी आग्याचा, म्हणजे पेटीच्या शोधाने पलिता विझला नव्हता. हे अपुरे राहिलेले काम डॉ. देवेंद्रकुमार यांनी स्थापिलेल्या, दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आणि वर्ध्याचे मधमाशीतज्ज्ञ डॉ. गोपाल पालीवाल यांनी पुढे नेले. आग्याच्या मोहोळात मध फांदीलगतच्या जाड भागात साठलेला असतो आणि अळ्या खालच्या पातळ भागात असतात, हे लक्षात घेऊन केवळ तो जाड भाग, म्हणजे मधाचा कांदा, कापावा व बाकीचे मोहोळ जसेच्या तसे ठेवावे, अंगभर संरक्षक पोशाख घालावा, ज्वाळेऐवजी सौम्य धूर वापरावा, आणि मध पिळू नये तर गाळावा, असा तो क्रम. माश्या तो कांदा पुन्हा बांधतात, त्याच मोहोळाचा मध पुन्हा घेता येतो, आणि शुद्ध मधाला भाव अधिक मिळतो. मेळघाटातील कोरकू मधसंकलकांपर्यंत ही रीत पोचली आहे. एका जिल्ह्याने आपल्या विचाराला इतक्या कष्टाने व्यवहारात उतरवल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि हे त्यांतील अत्यंत उज्ज्वल उदाहरण होय, असे माझे मत आहे.

यातून सुटली ती वळचणीची गांधीलमाशी. मध न देणाऱ्या माशीची बाजू कोणी मांडली नाही. वास्तविक ती लाकडाचे तंतू कुरतडून, लाळेत कालवून कागद करते. १७१९ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिच्याकडे बोट दाखवूनच लाकडापासून कागद करता येईल असे सुचविले होते. आपल्याकडील एका जातीच्या गांधीलमाशीच्या समाजजीवनावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके संशोधन करून २००१ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतकऱ्यास याहून महत्त्वाचे हे, की ती आपल्या पिलांना अळ्यांचे मांस भरवते. ज्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात गाजत होते, त्या कापसाच्या मुलखात अळी वेचणारा हा बिनपगारी रखवालदार आपण घराघरांतून जाळून काढतो, आणि शेतात विषाचे पंप पाठीवर घेतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले, हे कोणी विसरू नये.

तेव्हा वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे. हात पोचणार नाही आणि वाट अडणार नाही अशा जागी असलेले पोळे राहू द्यावे. दारावर किंवा मुलांच्या वावरण्याच्या जागी ते बांधले जात असेल तर एक-दोन माश्या व मूठभर कोष्ठे असतानाच, अंधार पडल्यावर, लांब काठीने ते काढून टाकावे. म्हणजे वसाहत वाढत नाही आणि ती माशी दुसरी जागा शोधते. मोठे पोळे झाले असल्यास जाणत्या माणसास बोलवावे, ज्वाळा मात्र आढ्याखाली कदापि नेऊ नये. आग्या मोहोळाला दगड मारू नये, त्याच्याखाली धूरही करू नये. आणि दंश झाल्यावर ज्याला धाप लागते, घशाला सूज येते किंवा अंगभर गांधी उठतात, त्याच्या बाबतीत चुना-कांद्यात वेळ न दवडता त्याला तत्काळ इस्पितळात पोचवावे.