दवंडीपासून सातच्या भोंग्यापर्यंत

मांजरसुंबा–केज रस्त्यावरचे नेकनूर हे बीड तालुक्यातले आठवडी बाजाराचे गाव. अशा गावांत बातमी पसरण्याच्या वाटा ठरलेल्या असत. सरकारी हुकमाची दवंडी कोतवाल देई. बाकीचे सारे बाजारात, एसटीच्या थांब्यावर आणि पारावर कळे. अफवा तेव्हाही उठत, पण ती आणणारा बहुधा ओळखीचा असे आणि ती खोटी ठरली तर पुढच्या बाजारी त्याला जाब विचारता येई. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली, स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोचला आणि बातमीच्या मागचा हा ओळखीचा माणूस दिसेनासा झाला.

त्याची किंमत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला दिसली. दिवस तिथल्या आठवडी बाजाराचाच होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरले होते. भिक्षेसाठी मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मुलांच्या काळजीपोटीच माणसे मारली गेली, ही गोष्ट ऑनलाइन सुरक्षेच्या चर्चेत सहसा येत नाही.

मुलांच्या हाती फोन गेला तो मात्र शाळेमुळे. 2020 च्या टाळेबंदीत राज्याने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालवला आणि धडे व्हॉट्सअ‍ॅप गटांवर येऊ लागले. शाळा पुन्हा भरल्या तरी फोन मुलांकडेच राहिला. आता त्यावर गेम आणि रील्स होत्या.

मुले फोन सोडत नाहीत, या तक्रारीवर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट 2022 मध्ये एक जुनाच उपाय नव्याने योजला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला पुन्हा भोंगा झाला की बंधन सुटे. सुरुवातीला लोकांना दारोदार जाऊन समजवावे लागले. मोठ्यांनीही फोन ठेवायचा, ही यातली खरी अट. पुढे मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातील जकेकूरवाडीनेही संध्याकाळी दोन तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची रीत धरली. यवतमाळ जिल्ह्यातील बांशीच्या ग्रामसभेने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 18 वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीच केली. ग्रामपंचायत अधिनियमात अशा बंदीसाठी कलम नाही. तिचा जोर शेजाऱ्याच्या नजरेवर आहे, म्हणूनच सर्वांनी मिळून पाळायचा वडगावचा दीड तास मुलांपुरत्या सरसकट बंदीपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

बीड जिल्ह्यात ही रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. भोंगा आई-वडील घरी आहेत असे धरून चालतो. इथली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहांत असतात. ऊसाच्या फडातून कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, परतलेल्या आईचा आवाज ऐकायचा तो संध्याकाळीच, त्याच फोनवर. त्या फोनमध्ये आणखी काय चालते हे पाहणे मात्र अनेक आजी-आजोबांच्या आवाक्यातले नसते. ही नजर ठेवण्याचे काम मग शाळेतल्या गुरुजी-बाईंकडेच येते.

कायद्याचे काही आधार आधीपासून होते, काही या सगळ्याच्या मागून आले. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930 आणि संकटातील मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घेणे कंपन्यांना बंधनकारक ठरवले. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, पण संमतीची ही अट अमलात येण्यासाठी त्यांत आणखी 18 महिन्यांची मुदत दिलेली आहे.