विस्मरणाची वंशावळ

त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये वही सोडतात आणि आपले पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण कोण होते, हे घडाघडा वाचून दाखवितात. आपल्या नावामागे माणसांची एवढी रांग उभी आहे हे पाहून मनुष्य क्षणभर गंभीर होतो. आज मी जी हकीकत सांगणार आहे तिच्यातील वंशावळही अशाच जुन्या वह्यांतून निघाली. ती आहे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या अँटिओक्विया प्रांतातली. त्या वंशात बापाकडून लेकाकडे आणि आईकडून लेकीकडे जी इस्टेट उतरत आली, तिचे नाव विस्मरण.

म्हातारपणी माणूस विसरू लागला तर आपल्याकडे त्याचे कोणाला विशेष वाटत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या आजोळी एक वृद्ध आत्याबाई होत्या. त्या जेवून उठल्यावर पुन्हा पानाची वाट पाहात बसत. घरातली सारी मंडळी म्हणत, ‘वयच झाले आता!’ पण ज्या बाईमुळे या रोगाची शास्त्राला ओळख झाली, ती म्हातारी नव्हती. ऑगुस्ट डेटर हे तिचे नाव. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात तिला दाखल केले, तेव्हा तिचे वय होते अवघे एक्कावन्न. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला रोज प्रश्न विचारीत आणि तिची उत्तरे टिपून ठेवीत. १९०६ साली ती वारली. अल्झायमरने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्याला पेशींच्या बाहेर साठलेले थर आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत त्याने हे सांगितले; पण सभेतील विद्वानांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे हा अकाली येणारा, विरळा रोग म्हणूनच गणला जात होता.

आता अँटिओक्वियाकडे वळू. अँडीज पर्वताच्या कुशीतला हा मुलूख. कॉफीचे मळे, चढउताराच्या वाटा, प्रत्येक गावात एक देऊळवजा चर्च. यारुमाल, आंगोस्तुरा, बेल्मिरा या गावांतील काही घराण्यांत चाळिशी उलटली की धडधाकट माणूस विसरू लागे. आधी वस्तू, मग वाटा, मग मुलांची नावे. लोक त्याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. कोणी म्हणे, अमुक एका झाडाला हात लागला म्हणून असे झाले. कोणी म्हणे, पाद्रीबाबांचा शाप भोवला. करणी, शाप, झाडावरचे भूत ही कारणे आपल्याला काही परकी नाहीत.

याच डोंगरी मुलुखात १९५१ साली जन्मलेला फ्रान्सिस्को लोपेरा मेडेयिन शहरी डॉक्टर झाला. १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत त्याच्यापुढे बेल्मिराचा एक रोगी आला. पन्नाशीही न गाठलेला, पण स्मृती पार गेलेली. त्याच्या बापाला हेच झाले होते आणि आजालाही हेच. दुसरा एखादा डॉक्टर हळहळून पुढचा रोगी बोलावता. लोपेरा थेट गावी गेला. १९८७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. आणि मग दुसरे कुटुंब सापडले, तिसरे सापडले.

या कामात लुसिआ माद्रिगाल नावाच्या परिचारिकेचे नाव त्याच्या बरोबरीने घेतले पाहिजे. माद्रिगालबाई गावोगाव फिरल्या, घरोघरी बसल्या, आणि चर्चमधील बाप्तिस्मा, लग्न व मृत्यूच्या जुन्या नोंदी उलगडून त्यांनी नात्यांचे धागे जुळविले. एकमेकांना न ओळखणारी घराणी मागे जाता जाता एका मुळाशी येऊन मिळू लागली. तो शोध अठराव्या शतकापर्यंत पोहोचला. आणि हे सारे चालले होते ते केव्हा? मेडेयिनमध्ये अफू-कोकेनच्या टोळ्यांचे राज्य होते, रस्त्यात बाँब फुटत होते, डोंगरात बंडखोर होते, अशा दिवसांत. रक्ताचे नमुने आणावयास गेल्या असता बंडखोरांनी माद्रिगालबाईंना काही दिवस अडकवून ठेवले होते. त्या सुटून आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

१९९२ च्या सुमारास केनेथ कोसिक हा अमेरिकन शास्त्रज्ञ लोपेराला येऊन मिळाला. १९९५ साली गुणसूत्रांच्या चौदाव्या जोडीवर प्रेसेनिलिन-१ नावाचे जनुक सापडले, आणि या घराण्यांतील दोष त्याच जनुकात निघाला. एका प्रथिनाच्या साखळीतील २८० व्या जागी एक कण बदललेला. एवढाच काय तो शाप! आईबापांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे नाणे उडवावे तशी. ज्याला तो आला त्याचे विस्मरण सरासरी चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू होते. या विस्तारलेल्या वंशात सुमारे सहा हजार माणसे आहेत आणि त्यांपैकी हजारबाराशे जणांत हा दोष आहे.

येथून हकीकतीला निराळे वळण लागते. अल्झायमरवर दिलेली औषधे लागू पडत नाहीत, याचे एक कारण शास्त्रज्ञांना असे वाटत होते की ती फार उशिरा दिली जातात. घर जळून गेल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार. अँटिओक्वियाच्या माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा दिसले की थर साठू लागतो तो अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास; विस्मरणाच्या सोळा वर्षे आधी! मग रोग येण्यापूर्वीच औषध का देऊ नये? पण रोग कोणाला, केव्हा येणार हे आधी कळावयास हवे. आणि ते जगात क्वचित ठिकाणी इतके नेमके ठाऊक होते. अमेरिकेतील फिनिक्स येथील बॅनर संस्थेचे एरिक रायमन व पिएर टॅरियट हे लोपेराच्या मंडळींबरोबर आले. २०१२ साली योजना जाहीर झाली आणि २०१३ साली प्रयोग सुरू झाला.

या प्रयोगाची रचना वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. त्यात २५२ माणसे होती. दोष असलेल्या १६९ जणांपैकी काहींना क्रेनेझुमॅब हे औषध आणि काहींना दिसावयास तशीच, पण औषध नसलेली सुई. उरलेले ८३ जण दोष नसलेले. त्यांना केवळ नुसती सुई. असे का केले? बहुतेकांना आपल्या नशिबी काय आहे हे जाणून घ्यावयाचे नव्हते. आणि फक्त दोष असलेल्यांनाच बोलावले असते, तर बोलावणे हाच निकाल ठरला असता.

२०२२ च्या जूनमध्ये निकाल लागला. औषधाने विस्मरण थांबले असे सिद्ध झाले नाही. इतकी वर्षे सुया टोचून घेतलेल्या माणसांना हे सांगावयाचे म्हणजे काय दिव्य असेल!

पण या वंशाने शास्त्राला दुसरेही देणे दिले होते. लोपेराची एके काळची विद्यार्थिनी याकील किरोझ, जी पुढे बोस्टनला गेली, तिने व इतरांनी २०१९ साली एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्यात तो दोष होता, मेंदूत थरही भरपूर साठलेला होता. तरी सत्तरी उलटेपर्यंत तिची स्मृती शाबूत राहिली. तिच्यात दुसऱ्या एका जनुकातील दुर्मिळ बदल होता, तोही आईबाप दोघांकडून आलेला. त्याला न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च या शहराचे नाव आहे. ज्यांना तो एकाकडूनच मिळाला अशा २७ जणांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला; त्यांचेही विस्मरण सुमारे पाच वर्षे लांबलेले दिसले. शापाच्या वंशातच उःशापही निघाला! आता त्या जनुकाची नक्कल करणारे औषध शोधण्याची खटपट चालू आहे. डॉ. लोपेरा ते पाहावयास राहिले नाहीत. १० सप्टेंबर २०२४ रोजी ते वारले.

मेडेयिनच्या विद्यापीठात या घराण्यांनी दिलेले शेकडो मेंदू जपून ठेवलेले आहेत. मृत्यूनंतर थोड्याच तासांत मेंदू काढून घ्यावा लागतो. म्हणजे घरात रडारड चालू असतानाच नातलगांना होकार द्यावा लागतो. तो त्यांनी दिला.

अशा केंद्रांचा इतिहास लिहिताना आपण संचालकांची नावे लिहितो, आणि ती लिहावीतच. पण मला राहून राहून आठवण होते ती त्या ८३ जणांची. त्यांना रोग व्हावयाचाच नव्हता, आणि हे त्यांना ठाऊकही नव्हते. त्यांच्या सुईत औषध नव्हते. तरी भावाचे, बहिणीचे गुपित गुपितच राहावे एवढ्यासाठी वर्षानुवर्षे, दर पंधरवड्याला ते सुई टोचून घेत राहिले. शास्त्राच्या पानांत त्यांची नावे नाहीत. फक्त आकडा आहे.