‘राजपूत’ : एका जुन्या विनाशिकेची चाकरी

मंडळी, आपल्या वर्धा-वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. गोदेच्या मुखाच्या उत्तरेला विशाखापट्टणम् बंदर आहे. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी तिथे बॉंब टाकले होते. त्याच वर्षी स्कॉटलंडात ‘रॉदरहॅम’ ही विनाशिका बांधून तयार झाली. विनाशिका म्हणजे चपळ लढाऊ जहाज. मोठ्या जहाजांची राखण करायची, पाणबुड्यांचा माग काढायचा, हे तिचं काम. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून परत घेताना ती तिथे होती.

१९४९ साली ही वापरलेली बोट भारताकडे आली आणि तिचं नाव झालं ‘राजपूत’. १९६१ च्या गोवामुक्तीत ती ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या सोबतीला होती.

१९७१ पर्यंत ती पार थकली होती. पण तिचं खरं काम अजून व्हायचंच होतं. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विक्रांतच्या मागावर होती. व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला दूर अंदमानकडे लपवलं आणि राजपूतलाच विक्रांतचं सोंग दिलं. वाघासाठी रेडकू बांधावं, तसं म्हणा ना! ती बिनतारी संदेश भरपूर धाडू लागली. बंदरातही मोठ्या जहाजाला लागेल एवढ्या शिध्याची मागणी झाली.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजपूत बंदराबाहेर निघाली. पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली, म्हणून तिने पाण्याखाली फुटणारे दोन बॉंब टाकले. थोड्या वेळाने प्रचंड स्फोट झाला. पुढे कोळ्यांना समुद्रात तरंगणारे अवशेष सापडले. गाझी बुडाली होती, आतल्या ९० हून अधिक माणसांसकट.

आता गुरुजी विचारतील, बुडवली कोणी? भारतीय नौदल म्हणतं, राजपूतने. पाकिस्तान म्हणतं, आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगाने. वाद मिटलेला नाही. मला विचाराल, तर विक्रांतला वाचवणारं ते सोंग त्या दोन बॉंबांपेक्षा मोठं.

आणखी एक गोष्ट. गाझीसुद्धा मूळची अमेरिकन, ‘डायब्लो’ नावाची. जपानशी लढायला बांधलेली, पण तिची लढाईची वेळ येण्याआधीच ते युद्ध संपलं. एकाच बाजूच्या दोन बोटी, पुढे दोन देशांच्या झाल्या आणि आपल्या नदीचं पाणी जिथे जातं त्या समुद्रात समोरासमोर आल्या.

राजपूत १९७६ साली सेवेतून निवृत्त झाली. विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत भंगारात निघाली. गाझी अजून विशाखापट्टणम् बाहेर, तळाशी आहे.