आरोग्यविमा दाव्यांतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन

उपचारांचा खर्च विम्यातून द्यायचा की नाही व किती द्यायचा, हे ठरवताना होणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या वापरावरील कायदेशीर बंधने. बिलांची छाननी, कागदपत्रांची पडताळणी व बनावट दावे हेरणे ही कामे अशा प्रणाली झपाट्याने करतात. मात्र जुन्या दाव्यांवरून शिकलेली प्रणाली खऱ्या रुग्णावरही संशय घेऊ शकते आणि तिच्या निष्कर्षामागचे कारण उलगडणे अवघड असते.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलेली कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नाहीत. प्रत्यक्ष बंधन येते ते भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकातून. त्यानुसार कॅशलेस उपचारांच्या अर्जावर एका तासात, तर रुग्णाला घरी सोडताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. कंपनीच्या उत्पादन व्यवस्थापन समितीच्या किंवा तिच्या तीन सदस्यांच्या दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा नाकारता येत नाही. नकार देताना पॉलिसीतील नेमकी अट दाखवावी लागते. छाननी यंत्राने केली, तरी नकाराची जबाबदारी कंपनीवरच राहते.

स्थानिक उदाहरण घ्यायचे, तर महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत अनुक्रमे कराड आणि मिरज ही उपचारांची मोठी केंद्रे आहेत. येथे खासगी विम्याबरोबर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत या एकत्रित योजनाही चालतात. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने फुले योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब दीड लाखावरून वर्षाला 5 लाख रुपये झाले. रुग्णालयातील आरोग्यमित्र रुग्णाची नोंदणी करून देतो व नियोजित उपचारांना पूर्वमंजुरी घेतली जाते. आयुष्मान भारतमधील संशयास्पद दावे हेरण्यासाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करते.

खासगी विम्याचा दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी लागते. तिथे दाद न मिळाल्यास दोन्ही जिल्ह्यांतील पॉलिसीधारकांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

परदेशांतील कायदे अधिक थेट आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून उपचारांची वैद्यकीय गरज नाकारण्याचा निर्णय केवळ प्रणालीवर सोपवता येत नाही; तो परवानाधारक डॉक्टर किंवा पात्र आरोग्य व्यावसायिकानेच घ्यावा लागतो. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने आरोग्यविम्यातील जोखीम व हप्ता ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या गटात घातल्या आहेत.