शाकाहार चळवळ, ब्रिटनमधील

शाकाहार चळवळ, ब्रिटनमधील : पशुपक्षी व मासे यांचे मांस आहारातून वर्ज्य करावे, या विचाराच्या प्रसारासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये सुरू झालेली संघटित चळवळ. दूध, अंडी, मध इ. सर्वच प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणारी ‘व्हीगन’ चळवळ ही तिचीच विसाव्या शतकातील शाखा होय. भारतात शाकाहार हा मुख्यत्वे काही धर्मपंथांच्या व जातींच्या परंपरागत आचाराचा भाग असल्याने त्यास अनुरूप अशी पाकपद्धती पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. ब्रिटनमध्ये मात्र शाकाहारी होणे हा व्यक्तीने स्वतः घेतलेला निर्णय होता आणि त्याच्या पाठीशी घरचे स्वयंपाकघर नव्हते. त्यामुळे या चळवळीच्या इतिहासात आरंभापासून दोन प्रवाह दिसतात : एक नीती, धर्म व आरोग्य यांच्या आधारे केलेल्या युक्तिवादांचा आणि दुसरा रोजच्या जेवणास पर्याय शोधण्याचा. सामान्यतः पहिल्याकडे अधिक लक्ष दिले जाते. परंतु चळवळीचा विस्तार व तिच्या मर्यादा यांचा उलगडा दुसऱ्याशिवाय होत नाही.

पूर्वपीठिका : ‘व्हेजिटेरियन’ ही संज्ञा १८४० नंतरच्या दशकात रूढ झाली. तत्पूर्वी मांसवर्जित आहारास ग्रीक तत्त्वज्ञ पायथॅगोरस याच्या नावावरून ‘पायथॅगोरसी आहार’ असे म्हणत. सतराव्या शतकातील इंग्रज लेखक टॉमस ट्रायन (१६३४–१७०३) याने आरोग्य, मितव्यय व प्राणिदया या तिन्ही कारणांसाठी या आहाराचा पुरस्कार केला. त्याच्या लेखनाचा प्रभाव अमेरिकेतील बॉस्टन येथे मुद्रणालयात उमेदवारी करणाऱ्या बेंजामिन फ्रँक्लिनवर पडला. सोळा वर्षांच्या सुमारास फ्रँक्लिनने मांस सोडले व आपल्या जेवणाच्या खर्चाची निम्मी रक्कम भावाकडून रोख घेऊन स्वतःची सोय स्वतः केली. पावाचा तुकडा, मूठभर मनुका व पेलाभर पाणी अशा जेवणाने त्या रकमेतही निम्मी बचत होई व ती तो पुस्तकांवर खर्च करी, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. एकट्या व होतकरू तरुणास हा मार्ग सुलभ होता. कुटुंबास तो तितकासा सुलभ नव्हता. पुढे कवी शेली याने १८१३ मध्ये नैसर्गिक आहाराच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली. तथापि हे सर्व प्रयत्न व्यक्तिगत पातळीवरच राहिले.

संघटनेचा आरंभ : विल्यम काउहर्ड (१७६३–१८१६) या धर्मोपदेशकाने १८०९ मध्ये मँचेस्टरनजीकच्या सॉलफर्ड येथे ‘बायबल ख्रिश्चन चर्च’ या पंथाची स्थापना केली. मांस व मद्य या दोहोंचा त्याग हा या पंथाचा नियम होता. सॉलफर्ड हे कापडगिरण्यांमुळे झपाट्याने वाढलेले श्रमिकांचे गाव असल्याने तेथे उपदेशाइतकीच अन्नाचीही गरज होती. काउहर्ड गरिबांना भाज्यांचे गरम सूप वाटत असे. या पंथाचा अनुयायी जोसेफ ब्रदर्टन (१७८३–१८५७) हा १८३२ मध्ये सॉलफर्डचा पहिला संसद सदस्य म्हणून निवडून आला. त्याची पत्नी मार्था ब्रदर्टन हिने १८१२ पासून प्रसिद्ध केलेल्या व्हेजिटेबल कुकरी या संग्रहास इंग्रजीतील पहिले शाकाहारी पाकशास्त्राचे पुस्तक मानले जाते. त्यात अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य नव्हते. चळवळीची राष्ट्रीय संस्था स्थापन होण्यापूर्वी पस्तीस वर्षे तिचे पाकपुस्तक अस्तित्वात आले होते, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरा एक गट लंडनजवळील हॅम कॉमन येथील ‘ॲल्कट हाउस’ या शाळा-वसाहतीशी (१८३८–४८) संबंधित होता. या दोन्ही गटांच्या सहकार्याने ३० सप्टेंबर १८४७ रोजी केंट परगण्यातील रॅम्झगेट येथे ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली. जेम्स सिंप्सन हा तिचा पहिला अध्यक्ष होता. पुढे फ्रान्सिस विल्यम न्यूमन (कार. १८७३–८३) याच्या अध्यक्षपदाच्या काळात, आहारातून मांस पूर्णपणे न सोडलेल्यांनाही सहयोगी सदस्य म्हणून प्रवेश देण्यात आला. रोजच्या जेवणातील अडचणींची ही एक प्रकारे कबुलीच होती. १८८८ मध्ये लंडनची संस्था स्वतंत्र झाली. दोन्ही संस्थांचे पुन्हा एकीकरण १९६९ मध्ये झाले.

ताटातील रिकामी जागा : इंग्रजी जेवणाची रचना मांसाभोवती झालेली होती. ताटात मध्यभागी मांस व त्याच्या जोडीला बटाटे आणि एखादी उकडलेली भाजी, हा तिचा सर्वसाधारण आकृतिबंध होता. त्यातून मांस वगळले असता मागे उरे ते पोट न भरणारे व बेचव असे अन्न. याचा प्रत्यय मोहनदास करमचंद गांधी यांना १८८८ मध्ये लंडनला आल्यावर आला. मांस, मद्य व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी आईपुढे केली होती. घरमालकिणीकडे सकाळी मिळणारी ओटची लापशी पोटभर होई. मात्र दुपारी व रात्री पालक, पाव व मुरांबा एवढेच मिळे आणि दोन-तीनांहून अधिक पावाचे तुकडे मागण्यास त्यांना संकोच वाटे. स्वस्त शाकाहारी भोजनगृहाच्या शोधात ते रोज कित्येक मैल पायी फिरत. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीट येथे त्यांना तसे एक भोजनगृह सापडले. तेथेच त्यांनी एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट (१८५१–१९३९) याचे ए प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम (१८८६) हे पुस्तक विकत घेतले. ते वाचल्यानंतर आपण प्रतिज्ञेमुळे नव्हे, तर स्वेच्छेने शाकाहारी झालो, असे गांधींनी आत्मकथेत म्हटले आहे.

१८८० नंतर लंडन, मँचेस्टर इ. शहरांत अशी अनेक भोजनगृहे निघाली होती. कारकून, शिकाऊ उमेदवार, दुकानांत काम करणाऱ्या स्त्रिया अशा अल्प उत्पन्नाच्या नोकरदारांचा त्यांच्या गिऱ्हाइकांत भरणा असे. १८८१ मध्ये शाकाहारी झालेला जॉर्ज बर्नार्ड शॉ हाही आपल्या हलाखीच्या दिवसांत या भोजनगृहांत जेवत असे. घरी वेगळा स्वयंपाक करून घेणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांची सोय या भोजनगृहांनी केली. गांधींनी पुढे एका खोलीत बिऱ्हाड करून स्वयंपाकही आटोपशीर केला. सकाळी ओटची लापशी व कोको, दुपारचे जेवण बाहेर आणि संध्याकाळी पाव व कोको, असा त्यांचा क्रम होता. जेवणाचा रोजचा खर्च त्यांनी १ शिलिंग ३ पेन्सांवर आणला. ते लंडनच्या संस्थेच्या कार्यकारिणीचे सदस्य झाले. १८९१ मध्ये तिच्या द व्हेजिटेरियन या साप्ताहिकात त्यांनी भारतीय शाकाहारी लोकांविषयी लेखमाला लिहून डाळी, भाकरी, तूप व मसाले यांवर आधारलेल्या आहाराचा इंग्रज वाचकांना परिचय करून दिला.

पर्यायी अन्नपदार्थ : रिकामी जागा भरून काढण्याचे प्रयत्न तीन दिशांनी झाले. पहिला प्रयत्न अन्न कमी संस्कारित ठेवण्याचा होता. टॉमस ॲलिन्सन (१८५८–१९१८) या डॉक्टरने कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या पावाचा प्रचार केला. १८९२ मध्ये त्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून कमी करण्यात आले. मात्र त्याच्या नावाचा पाव टिकून राहिला. त्याआधी ॲना किंग्झफर्ड (१८४६–८८) हिने शाकाहारावर प्रबंध लिहून १८८० मध्ये पॅरिस येथे वैद्यकाची पदवी संपादन केली होती. या आहारास वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता.

दुसरा प्रयत्न मांसाच्या पदार्थांची शाकाहारी प्रतिरूपे तयार करण्याचा होता. दाणे, अक्रोड, बदाम इत्यादींचे कूट, पावाचा चुरा व कांदा एकत्र करून भाजलेला ‘नटरोस्ट’, तसेच मसुरीचे कटलेट हे पदार्थ त्यातून रूढ झाले. तिसरा प्रयत्न तयार अन्नाचा होता. अमेरिकेतील जॉन हार्व्ही केलॉग (१८५२–१९४३) याने आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी धान्याचे पोहे व दाण्यांचे लोणी तयार केले. त्यासंबंधीचे एकस्वाचे अर्ज १८९५ मधील आहेत. १९०२ मध्ये इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथे मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून ‘मार्माइट’ हा अर्क बनू लागला व मांसाच्या अर्काऐवजी तो वापरता येऊ लागला.

हे सारे पर्याय सर्वांना सारखेच उपलब्ध नव्हते. कडधान्ये स्वस्त असली, तरी ती भिजविण्यास वेळ व शिजविण्यास इंधन लागे. मजुरी करून सायंकाळी परतणाऱ्या स्त्रीजवळ या दोहोंची वाण असे. उलट तयार पदार्थ सोईचे, पण महाग होते. काटकसरीच्या आहाराचा प्रचार हा मजुरी कमी ठेवण्यास निमित्त ठरेल, असा आक्षेपही काही समाजवाद्यांनी घेतला. त्यामुळे श्रमिकांच्या वस्तीत जन्मलेली ही चळवळ पुढील काळात प्रामुख्याने मध्यमवर्गाची बनली.

युद्धकाळ व व्हीगन शाखा : दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये अन्नाचे शिधावाटप सुरू झाले. शाकाहारी म्हणून नोंदणी करणाऱ्यांना मांसाऐवजी अधिक चीज मिळे; म्हणजेच शासनाने या आहारास प्रशासकीय मान्यता दिली. मांसाच्या टंचाईमुळे इतरेजनांच्या जेवणातही फरक पडला. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पदार्थात बटाटे, गाजर, फुलकोबी इ. भाज्या व ओट यांवर पिठाचे आवरण घालून ते भाजत. डबाबंद घेवड्यातील डुकराचे मांसही टंचाईमुळे वगळले गेले. भाजलेल्या पावावर गरम घेवडा हे कामाच्या दिवशीचे झटपट जेवण अशा रीतीने, कोणत्याही तत्त्वाचा आग्रह न धरता, शाकाहारी झाले. शिधावाटप १९५४ मध्ये संपले.

याच काळात, नोव्हेंबर १९४४ मध्ये, सुतारकामाचा शिक्षक डॉनल्ड वॉटसन (१९१०–२००५) व त्याचे सहकारी यांनी ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा शब्द बनविण्यात आला. दुधासाठी गाईंचे वासरांपासून वियोजन व नर वासरांची हत्या होते, म्हणून दूध हे मांसापासून नैतिक दृष्ट्या वेगळे काढता येत नाही, असा या शाखेचा युक्तिवाद होता. तथापि दूध वगळल्यावर निर्माण होणारी पोकळी मांसाच्या पोकळीहून मोठी होती. ब१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि वनस्पतिजन्य अन्नात ते विश्वसनीय प्रमाणात मिळत नाही, हे यथावकाश स्पष्ट झाले. आरंभीच्या काही व्हीगन व्यक्तींत त्याच्या अभावाची लक्षणे आढळली होती. पूरक जीवनसत्त्व किंवा ते मिसळलेले अन्न घेणे हा त्यावरील उपाय आज सर्वमान्य आहे. वनस्पतिजन्य दुधासाठी १९५६ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली व १९६५ मध्ये तिच्या प्रयत्नांतून सोयाबीनचे दूध विक्रीस आले.

उत्तरकाळ : लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर १९६१ मध्ये उघडलेले ‘क्रँक्स’ हे उपाहारगृह आणि रोझ एलियट हिचे सिंप्ली डिलिशस (१९६७) हे पाकपुस्तक यांमुळे शाकाहारी जेवणावरील व्रतस्थतेची छाया कमी झाली. १९७२ मध्ये युगांडातून हद्दपार झालेल्या भारतीयांपैकी अनेक गुजराती कुटुंबे लेस्टर व लंडन येथे स्थायिक झाली. लंडनच्या ड्रमंड स्ट्रीटवर मुंबईची भेळपुरी व दाक्षिणात्य डोसे मिळू लागले. ज्या जेवणात मुळात रिकामी जागाच नाही, असे जेवण इंग्रज गिऱ्हाइकांना यातून सहज उपलब्ध झाले. पीटर सिंगर याच्या ॲनिमल लिबरेशन (१९७५) या ग्रंथाने नैतिक प्रवाहास नवी चालना दिली. १९८५ मध्ये कवकापासून बनविलेले ‘क्वॉर्न’ हे प्रथिन बाजारात आले व १९९१ मध्ये लिंडा मॅकार्टनी हिच्या नावाचे गोठविलेले शाकाहारी पदार्थ विकले जाऊ लागले. गाईगुरांतील मेंदूच्या रोगाचा मानवी रोगाशी संबंध असण्याची शक्यता ब्रिटिश शासनाने मार्च १९९६ मध्ये जाहीर केली, तेव्हा गोमांसाविषयी लोकांत मोठी भीती पसरली. २०१४ पासून जानेवारी महिना व्हीगन म्हणून पाळण्याचा उपक्रम सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये एका रोजगार न्यायाधिकरणाने नैतिक व्हीगनवाद ही कायद्याने संरक्षित अशी तात्त्विक श्रद्धा असल्याचा निर्णय दिला.

मूल्यमापन : प्राणिदया, आरोग्य व मितव्यय हे ट्रायनने मांडलेले तीन मुद्दे पुढील तीन शतकांत फारसे बदलले नाहीत, पर्यावरणाचा विचार तेवढा त्यांत नव्याने मिळाला. बदलले ते स्वयंपाकघर. थकून घरी आलेल्या माणसास अर्ध्या तासात व परवडेल अशा खर्चात पोटभर जेवण मिळू लागले, तेव्हाच हा आहार छोट्या पंथांच्या बाहेर पडला. मात्र ही सोय बऱ्याच अंशी कारखानदारीने पुरविली आणि अशा तयार पदार्थांतील मीठ व अतिसंस्करण यांबाबत आहारतज्ज्ञ सावधगिरीचा इशारा देतात. साध्या अन्नाचा आग्रह धरून निघालेल्या चळवळीपुढे डाळी, धान्ये व भाज्या यांचे घरी शिजविलेले जेवण पुन्हा सुलभ कसे करावे, हा प्रश्न त्यामुळे नव्या स्वरूपात उभा आहे.