वाघोली शैक्षणिक पुनर्वसन केंद्र

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वाघोली येथे भारतीय जैन संघटनेने उभारलेले निवासी शिक्षणसंकुल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे १,२०० मुलांना संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी पुण्यात आणले. यांतली बहुतेक मुले जैन नव्हती, हे संघटनेचे नाव पाहता मुद्दाम नोंदवायला हवे. संघटनेने आधी भरवलेल्या, हुंड्याला फाटा देणाऱ्या सामूहिक विवाहांतून जुळलेली कार्यकर्त्यांची फळी आणि समाजाच्या देणग्या येथे कामी आल्या. भूकंपग्रस्तांना धान्य-कपडे पाठवणारे पुष्कळ होते. मूल शिकून उभे राहीपर्यंतचा खर्च मात्र वर्षानुवर्षे देत राहणाऱ्यांवरच चालतो. पुढे मेळघाटातील आदिवासी व आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही येथे शिकली.